गणपत गाडीवानाचा पत्ता

सोलापूरला जाऊन चादर न आणणारा चिपळूणमधला मी बहुधा पहिलाच इसम. घरी आल्याआल्या सुनंदानं, म्हणजे आमच्या सौ.नं, पिशवी पलंगावर उलटी केली. शेंगांची चटणी निघाली आणि कडक भाकऱ्यांची एक चळत निघाली. त्यातल्या निम्म्या भाकऱ्यांचा प्रवासात चुरा झाला होता. "चादर कुठाय?" तिनं विचारलं. चादर राहिली. ती का राहिली ते सांगायला हा प्रवास लिहून काढतो आहे. लिहितो आहे म्हणजे मी बोलतो आहे आणि सुनंदा लिहून घेते आहे. तिला न पटणारा मजकूर ती मधूनमधून गाळते, असा मला दाट संशय आहे.

सहा वर्षांपूर्वी मी कराडच्या एका कंपनीत होतो. साखर कारखान्यांचे मोठे वजनकाटे दुरुस्त करायचो. हंगामात मोटरसायकलवर सोलापूर जिल्हा पालथा घालायचो. अशाच एका संध्याकाळी श्रीपूरच्या अलीकडे मी उसाच्या एका बैलगाडीवर मागून जाऊन आदळलो. हे मला लोकांनी सांगितलेलं. माझ्या आठवणीत त्या दिवसाचा सकाळचा चहा आहे, आणि त्यानंतर थेट पंधरा दिवसांनी दिसलेला पुण्याच्या दवाखान्यातला पंखा आहे. तोही अर्धाच.

मार डोक्याला बसला होता. डोळे शाबूत आहेत, पण डोळ्यांनी पाठवलेलं चित्र मेंदूत जिथं उमटतं, तिथली एका अंगाची जागा गेली. त्यामुळे कुठल्याही डोळ्यानं बघितलं तरी डावीकडचं अर्धं जग मला दिसत नाही. लोक विचारतात, तिथं काळोख दिसतो का? नाही हो. तुम्हाला तुमच्या पाठीमागे काळोख दिसतो का? तसंच ते, तिथं काही नसतंच. शिवाय नावं निसटतात, गोंगाटात डोकं भरून येतं आणि दोनेक तास झाले की मेंदू दुकान बंद करतो.

पहिलं वर्ष मी भिंतीकडे तोंड करून काढलं. दुसऱ्या वर्षी भिंतीचा कंटाळा आला. मग दवाखान्याच्या उपचार केंद्रातल्या एका बाईंनी मला दर चार पावलांना मान डावीकडे वळवायची सवय लावली, हातात काठी दिली, गळ्यात वही अडकवली. आता मी आणि सुनंदा घरी कोकमाचं आगळ करून विकतो. जन्मभर काट्यांशी गाठ असल्यामुळे एका जुन्या काट्याला मी बोलायला शिकवलं आहे, तो मोठ्यानं वजन सांगतो. घरात बोलणारे दोन झाले, असं सुनंदाचं म्हणणं आहे.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पहिल्या दवाखान्याचा एक कागद सापडला. 'रुग्णास आणणारा : गणपत, बैलगाडी, करकंब.' एवढंच. आडनाव नाही, फोन नाही. या माणसानं मला रस्त्यावरून उचललं होतं आणि सहा वर्षांत मी त्याला साधा चहाही विचारला नव्हता. हे मला फार लागलं. गणपतला शोधायचं, त्याचे आभार मानायचे आणि त्यासाठी एकट्यानं जायचं, असं मी घरात जाहीर केलं.

आठवडाभर स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज जरा मोठे येत होते. शेवटी सुनंदानं अट घातली. दर तीन तासांनी फोन करायचा. एक फोन जरी चुकला तरी ती तडक येऊन मला घेऊन जाणार आणि त्यानंतर एकट्यानं प्रवास हा विषय घरात निघणार नाही. मी कबूल झालो.

सात रस्ता

सोलापुरात सात रस्त्याला उतरलात तर आधी एका जागी उभे राहा, असा माझा सल्ला आहे. धडधाकट माणसालाही इथं सगळीकडे बघावं लागतं, मला तर साडेतीनच रस्ते दिसत होते. मार्च महिना, ऊन मी म्हणत होतं. मी मान वळवून वळवून उरलेले रस्ते गोळा करत होतो, तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. सलीमभाई.

सलीमभाई पूर्वी माझ्याबरोबर काट्यांवर काम करायचे. आता सात रस्त्याजवळ त्यांचं तराजू दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी दुकानात बसलो आणि कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"गणपत. बस, गणपत?" ते म्हणाले. "साब, गणपत लई असतेत."

"बैलगाडीवाला आहे."

"तो भी लई असतेत. पण एक बात आहे. ऊस संपला यंदा. श्रीपूरचा पट्टा उद्या पडणार म्हणतेत."

पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे. शेवटची गाडी रिकामी झाली की तोडणीवाले आणि गाडीवान बाडबिस्तरा गुंडाळून आपापल्या गावी पांगतात. उद्याची संध्याकाळ हुकली तर नुसत्या 'गणपत' या नावावर मी माणूस कुठं शोधणार होतो? पुढच्या हंगामात तो येईलच याची खात्री नव्हती, आणि मला एकट्याला पुन्हा कुणी सोडेल याची तर मुळीच नव्हती.

"सकाळी मी गाडी काढतो," सलीमभाई म्हणाले. "एकटं कायकू जायचं?"

मी नको म्हणालो. त्यांनी सरळ श्रीपूर गाठा म्हणून सांगितलं, त्यावरही मी मान हलवली. कागद म्हणतो करकंब, तर आधी करकंब. हट्टीपणा अपघाताच्या आधीपासूनचा आहे, तो मेंदूच्या माराच्या नावावर खपवता येत नाही.

रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. आमच्याकडे तांदळाची भाकरी मऊ झाली नाही तर करणारीचा उद्धार होतो. इथं उलट, भाकरी मोडताना कडाड आवाज झाला पाहिजे. मी कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीवर तुटून पडलो. तोंडभरून स्तुती केली. तिसरी भाकरी मोडली तरी सलीमभाई माझ्या ताटाकडेच बघत होते.

"साब," ते शेवटी म्हणाले, "मटन नक्को होता तो बोलायचं. तुमची भाभी दुपारपासून चुलीपाशी आहे."

मी मान वळवली. ताटाच्या डाव्या अंगाला मटणाची वाटी काठोकाठ भरलेली, रश्श्यावर तवंग. पंधरा मिनिटं ती माझ्या शेजारी बसून होती. मला शरमेनं हसू आलं, मी ताट अर्धं फिरवलं आणि वाटी समोर आली. भाभींनी लगबगीनं सगळ्या वाट्या उजवीकडे दाटीवाटीनं सरकवायला घेतल्या. मी म्हणालो, "भाभी, असू द्या जिथल्या तिथं. मला ताट फिरवता येतं." त्यांनी वाट्या परत होत्या तिथं ठेवल्या. मटण मी दोनदा घेतलं.

करकंब

पंढरपूरला एसटी बदलून अकराच्या सुमाराला करकंबला पोचलो. गाव मोठं आणि नेमका बाजाराचा दिवस. दर चार पावलांना मान वळवायचा नियम गर्दीत पाळता येत नाही, कारण मान वळवीपर्यंत माणसं बदलतात. दहाव्या मिनिटाला माझा डावा पाय एका मऊ ढिगात गेला.

"ओ भाऊ, डोळं फुटलं काय?"

"फुटले नाहीत, मावशी. पण निम्मेच चालतात."

वांगी विकायला बसलेल्या मावशी होत्या. त्यांनी माझी काठी बघितली असावी. "मंग निम्म्या शिव्या माघारी घेतल्या," त्या म्हणाल्या. "निम्म्या हायत्याच. वांग्यावर पाय दिलासा की." आणि लगेच पुढचा प्रश्न, "जल्मापासनं का मागनं?"

मला हे फार आवडलं. चिपळुणात असं तोंडावर कुणी विचारत नाही. तीन दिवसांनी कुंपणाच्या गडग्यापलीकडून सुनंदाला विचारतात, तेही दबक्या आवाजात. इथं मी उभ्याउभ्या मावशींना सगळी हकिगत सांगून टाकली आणि गणपतचं विचारलं.

"गाडीवाला व्हय? मंग त्यो ह्या गावचा न्हाय. तोडणीला आलेला असंल. त्या साली मळ्यात त्यांच्या कोप्या हुत्या." उसाच्या पाचटाच्या खोपटांना इकडं कोप्या म्हणतात. "आता समदी श्रीपूरला हायती. आन आज पट्टा पडतुया की तितं. सांच्याला एक माणूस घावायचा न्हाय."

म्हणजे सलीमभाईंचं ऐकायला हवं होतं. मी घाईघाईनं वळलो आणि तिथंच गडबड झाली. शेजारी ध्वनिक्षेपकावर कुणी कांद्याचा भाव ओरडत होता, मागे बैल हंबरत होते, पाठीवर ऊन. डोक्यात पाणी भरावं तसा आवाज भरत गेला आणि मला कुठं जायचं आहे ते आठवेना. गावाचं नाव आठवेना. माणसाचं नाव आठवेना. गळ्यातल्या वहीत लिहिलेलं होतं, पण अक्षरं ओळखू येईनात. मी भ्यालो होतो, ते कबूल करतो. फोनच्या तीन तासांना दहा मिनिटं उरली होती.

मी सुनंदाला फोन लावला. 'ये आणि मला घेऊन जा' हे वाक्य अगदी ओठांवर होतं.

"थकलोय," मी म्हणालो. "शब्द जातायत. जरा झोपतो आणि मग पुढे जातो."

"झोपा," ती म्हणाली. "आधी पाणी प्या. आणि टोपी आहे का डोक्यावर?"

टोपी पिशवीत होती. घातली. मावशींनी पालाच्या सावलीत दोन रिकामी पोती अंथरली. "निजा. मी हाय हितं," एवढंच म्हणाल्या. करकंबच्या भर बाजारात, वांग्यांच्या मागे, मी तासभर गाढ झोपलो. मेंदूला विसावा हवा असेल तेव्हा तो द्यायचा, लाजायचं नाही, हे मला दोन वर्षं धडपडल्यावर कळलं आहे. उठलो तेव्हा सगळे शब्द जागेवर होते. गणपत, श्रीपूर, संध्याकाळ. तासभर गेला होता, पण त्या तासाशिवाय मी पुढे जाऊच शकलो नसतो.

मावशींनी मला वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि ड्रायव्हरला दम भरला, "ह्यास्नी कारखान्याच्या गेटला सोड, फाट्याला न्हवं." तुडवलेल्या वांग्यांबद्दल मी काही बोलायच्या आत त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या होत्या.

श्रीपूर

चार वाजले होते. श्रीपूर आधी नाकाला कळतं. मळीचा आंबूस गोड वास, आणि हवेत उडणारं उसाचं भुसकट. कारखान्याच्या आवारात हंगामाच्या शेवटच्या दिवसाचा थाट होता. बैलांची शिंगं रंगवलेली, ट्रॅक्टरना फुगे बांधलेले, कुठं हलगी तापवणं चाललेलं. सहा वर्षांमागं करकंबला उतरलेला गणपत कोणता, असं विचारत विचारत मी कोप्यांपर्यंत पोचलो. निम्म्या मोडल्या होत्या. एक बाई परातीत भांडी रचत होत्या. याच गणपतच्या बायको, कौसाबाई.

"मालक शेवटच्या खेपंला गेल्यात," त्या म्हणाल्या. "काय काम हुतं?"

"सहा वर्षांमागं त्यांनी एका मोटरसायकलवाल्याला दवाखान्यात पोचवलं होतं."

भांड्यांचा आवाज थांबला. "तुमी त्येचं भाऊ का?"

"कुणाचा?"

"मेला त्येचा."

मी म्हणालो, "बाई, मी तोच आहे."

त्या उठल्या आणि माझ्या डावीकडून कुठंतरी दिसेनाशा झाल्या. मग कानामागच्या जुन्या व्रणावर मला बोटं जाणवली. "हितंच फुटलं हुतं," त्या म्हणाल्या. "माज्या मांडीवर हुतं डोस्कं. पदूर फाडून बांधला म्या." मी फक्त गणपतच्या आभाराची तयारी करून आलो होतो. या बाईंचं नाव कागदावर नव्हतंच.

"चला," त्या म्हणाल्या. "मालकांना सांगून पटायचं न्हाय. दावायला पायजे."

मी त्यांना माझ्या डाव्या हाताला चालायला सांगितलं. का, ते न विचारता त्या तिकडं आल्या. "हितंच की" असं म्हणून त्यांनी मला दोन किलोमीटर चालवलं. सोलापूर जिल्ह्यात 'हितंच की' हे अंतर नीट ठरलेलं नाही, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रस्ता उसाच्या फडांतून वळतो तिथं त्या थांबल्या. माझे पाय भरून आले होते. उजवीकडे एक बरा दगड दिसला, त्यावर मी टेकलो.

"उटा, उटा," कौसाबाई ओरडल्या. "देवावर बसलासा."

मी दचकून मान वळवली. दगडाचा डावा अर्धा भाग शेंदरानं माखलेला होता. पुढ्यात नारळाच्या करवंट्या, वाळलेली फुलं, उसाची दोन ताजी कांडी. मी उठायला लागलो, तर कौसाबाईंनीच खांद्यावर हात ठेवून मला परत बसवलं. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमचाच हाय त्यो."

मग त्यांनी सांगितलं. मला दवाखान्यात सोडल्यावर दुसऱ्या दिवशी गणपत डबा घेऊन गेला होता. खाट रिकामी, गादी गुंडाळून भिंतीला लावलेली. त्याला वाटायचं ते वाटलं. विचारायचा धीर झाला नाही. तसाच परतला, वाटेत नदीवर आंघोळ करून. पुढच्या हंगामात त्यानं इथं हा दगड मांडला. पाहता पाहता सगळे गाडीवान नारळ फोडायला लागले, वळणाच्या आधी गाडी थांबवायला लागले, गाडीमागे तांबडा दिवा बांधायला लागले. "तवापासनं हितं कुनाचं नखबी दुखलं न्हाय. पर मालक गाडीवर बसून ह्या वळणावरनं कवा गेलं न्हाईत. उतरून चालत्यात. पट्ट्याच्या दिशी गुलाल लावून घेत न्हाईत. आपल्या हातनं माणूस मेला म्हनत्यात."

सहा वर्षं. मी चिपळुणात आगळ गाळत होतो, सुनंदाशी भांडत होतो, काट्याला बोलायला शिकवत होतो, आणि इथं एक माणूस माझा खून डोक्यावर घेऊन चालत होता. आभार मानायची माझी सगळी वाक्यं फुकट गेली. आता वेगळंच काम होतं आणि ते माझ्याशिवाय कुणाला जमणारं नव्हतं.

वळणापलीकडून घुंगरांचा आवाज आला. सहा गाड्या होत्या, उसानं शिगोशीग भरलेल्या. शेवटच्या गाडीचा गाडीवान आधीच खाली उतरला होता. कासरा हातात धरून, मान खाली घालून चालत होता. त्यानं दगडावर बसलेला माणूस पाहिला.

"ए, ऊट तितनं," तो लांबूनच म्हणाला. "माणूस मेलाय तितं."

मी काठी टेकून उभा राहिलो. "गणपतराव, तो माणूस मीच. मेलो नाही."

तो जवळ आला. कौसाबाईंनी माझं डोकं वळवून त्याला व्रण दाखवला. गणपतरावांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांनी जे विचारलं, ते सहा वर्षं पोटात असणार.

"मंग खाट रिकामी का हुती?"

"त्याच रात्री मला सोलापूरला हलवलं. तिथून पुण्याला."

"म्या इचारलंच न्हाय," ते म्हणाले, आणि रस्त्यातच मटकन बसले. "भ्यालो. गाडीला मागं काय लावल्यालं न्हवतं. अंधारून आलं हुतं. चूक माजीच."

मी त्यांच्याशेजारी बसलो. खरं सांगायचं तर त्या काळात मीही गाडी सावकाश चालवणाऱ्यांतला नव्हतो. ते त्यांना सांगितलं. आणि हेही सांगितलं, "कोण कुणावर कसं आदळलं ते मला काही आठवत नाही. कुणी उचललं, ते मात्र कागदावर लिहिलेलं आहे." वहीतून तो कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. पुढच्या गाडीवानानं येऊन मोठ्यानं वाचला. आपलं नाव ऐकल्यावर गणपतराव रडले, लहान मूल रडतं तसे, आणि बैल शांतपणे उभे राहिले.

"दिसतं किती?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"निम्मं."

"भागतंय?"

"भागतंय की," मी म्हणालो. त्यांचा 'की' माझ्या तोंडात कधी बसला, कळलं नाही.

मग सगळे गाडीवान जमले. एकानं दगड काढून टाकावा का, अशी शंका काढली. कौसाबाईंनी ती मोडीत काढली. दगडामुळं गाड्या सावकाश जातात, तो राहील. आणि देव जिता निघाला हे चांगलंच झालं. नारळ मला फोडायला लावला. स्वतःच्या नावाचं खोबरं खाणारे जगात फार नसतील. चवीला ते इतर खोबऱ्यासारखंच लागतं.

"बसा," गणपतराव म्हणाले. दोघांनी मला धरून जुवाजवळच्या जागेवर चढवलं. गणपतराव माझ्या उजव्या हाताला, दिसतील असे बसले. त्यांनी कासरा ओढला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते गाडीवर बसून त्या वळणावरून गेले. पुढच्या पाच गाड्यांनी बाजूला होऊन आम्हाला वाट दिली. कौसाबाई बाजूनं चालत होत्या. त्याच वेळी सुनंदाला फोन करायची वेळ झाली. मी फोन लावून नुसता घुंगरांकडे धरला. ती विचारत राहिली, "कुठं आहात? कसला आवाज?" आणि मी फोन घुंगरांकडेच धरून ठेवला. चादर राहिली ती इथं. चादरीची आठवण मला थेट घरी आल्यावर झाली.

गेटवर हलगी कडाडत होती. कुणीतरी गुलालाचं ताट पुढे केलं आणि सवयीनं गणपतरावांना वगळून पुढे निघालं. त्यांनी हाक मारून ते परत बोलावलं, मूठ भरली आणि आधी स्वतःच्या कपाळाला लावला.

वॉचमननं काठी आडवी धरली. उसाच्या गाडीवर बाहेरचा माणूस आत सोडत नाहीत. "गणपत, हे कोण?" त्यानं विचारलं.

गणपतरावांनी उरलेला गुलाल माझ्या डोक्यावर रिकामा केला.

"सा वर्सांमागं दवाखान्यात ठिवला हुता," ते म्हणाले. "आज घिऊन आलो."